नववीसाठी बारव-विहिरींवर प्रकल्प : इतिहास, भूगोल आणि विज्ञान एकाच कामात कसं बसवावं?

नववी_ब_वर्गशिक्षक

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातली खेड्यातली शाळा, नववीचा पट ५२. इतिहास-भूगोल माझ्याकडे, विज्ञान आमच्या मॅडमकडे. दिवाळीची सुट्टी संपल्यावर सहा आठवडे, आठवड्याला दोन जोडतासिका एवढा वेळ मुख्याध्यापकांनी मान्य केलाय. खर्चाला तीन हजारांपर्यंत.

दरवर्षी प्रकल्प म्हणजे थर्माकोलचा ज्वालामुखी नाहीतर चार्टवर डकवलेली चित्रं, आणि त्यातही पोरांपेक्षा पालकांचे हात जास्त लागलेले. यंदा ते नको. गावाच्या कडेला दगडी बारव आहे. चौकोनी, उतरायला एकाच बाजूनं पायऱ्या, तळाला गाळ आणि थोडं पाणी. गावठाणात दोन जुने आड, शिवारात विहिरी, आणि बोअर तर विचारूच नका. तेव्हा विषय पाणी हे नक्की. पण 'आपल्या गावातलं पाणी' असं नाव दिलं की इतिहासवाले बारवेचं चित्र काढतील, भूगोलवाले नकाशा रंगवतील आणि विज्ञानवाले गाळणयंत्राचं मॉडेल आणतील, तीन तुकडे तीन दिशेला. हे एकत्र बांधायचं कशानं? गट कसे पाडायचे? मोजायचं काय आणि कशानं? गुण कसे द्यायचे? जाणकारांनी नेमकं सांगावं.

---

पांढरीची_माती

सर, 'विषय' ठरवून भागत नाही, प्रश्न ठरवा. आणि असा प्रश्न, की ज्याचं उत्तर पुस्तकात नाही, मोबाईलवर नाही, मोजल्याशिवाय आणि माणसांना विचारल्याशिवाय मिळतच नाही. तुमच्याकडे बारव आहे म्हणून हा घ्या: 'आपल्या गावात कोणत्या साली पाणी किती खोल होतं, आणि हे आपण कशावरून म्हणतो?' या एका वाक्यात तिन्ही विषय येतात. साल इतिहासाचं, खोली मोजमापाची, वर-खाली होण्याचं कारण जमिनीतलं.

बारवेचा मोठा फायदा म्हणजे तिच्या पायऱ्या. म्हातारी माणसं पाण्याची खोली फुटात सांगत नाहीत, पायरीत सांगतात. 'संक्रांतीला अमुक पायरीवर हंडा बुडायचा', 'बहात्तरला शेवटची पायरीही कोरडी होती.' म्हणजे पायरी ही आयती मोजपट्टी, फक्त तिच्यावर आकडे घालायचे राहिलेत. ते असे घाला. सगळ्यात वरच्या, न हललेल्या जोत्याच्या दगडाला शून्य धरा. तिथून प्रत्येक पायरीची उंची वेगळी मोजा आणि बेरीज करत खाली या. एक पायरी मोजून गुणाकार करू नका. सरासरी २३ सेंमी धरली तर अठरावी पायरी ४ मीटर १४ सेंमीवर येते, पण जुन्या बांधकामात एक १९ ची, दुसरी २८ ची, मधे एक खचलेली, असं असतं. अठरा पायऱ्यांत अर्ध्या मीटरचा फरक सहज पडतो. पायरीची उंची मोजायला एक सरळ काठी वरच्या पायरीवरून आडवी बाहेर काढायची, तिच्यावर गवंड्याची छोटी लेव्हल ठेवायची आणि काठीच्या खालच्या कडेपासून खालच्या पायरीपर्यंत उभं माप घ्यायचं. गाळाखाली किती पायऱ्या आहेत ते कळणार नाही. तिथं वहीत 'गाळ सुरू' लिहून थांबायचं. अंदाजानं पुढच्या पायऱ्या काढायच्या नाहीत.

पायऱ्यांना रंगानं, खडूनं नंबर घालू नका. आराखड्यावर नंबर घाला.

आता साल. 'किती साली?' असं विचारलं तर उत्तर येतं 'लई वर्सं झाली.' म्हणून खुणेचे प्रसंग आधी हातात ठेवा. पोलीस ॲक्शन (निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची कारवाई), म्हणजे सप्टेंबर १९४८. बहात्तरचा दुष्काळ: लाल मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं हे शब्द काढले की आठवण जागी होते. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते २०१६. यांच्या मधे गावच्या आपल्या खुणा घाला: वीज कधी आली, पहिलं इंजिन कोणाच्या विहिरीवर बसलं, पहिला हातपंप कधी. मग प्रश्न असा: 'भूकंपाच्या साली दिवाळीत बारवेचं पाणी कोणत्या पायरीला होतं?' महिना विचारायलाच पाहिजे. ऑक्टोबरची आणि मेची पायरी एकाच रकान्यात गेली की सगळा आलेख खोटा.

शक्यतो माणसाला बारवेपाशी आणा आणि पायरी हातानं दाखवायला सांगा. येणं होत नसेल तर पायऱ्या मोजलेला आराखडा घेऊन घरी जा. एका सालासाठी तीन माणसं, वेगवेगळी बसवून. एकत्र बसवली की पहिल्यानं सांगितलेलंच बाकीचे सांगतात. तिघांच्या उत्तरात दोन पायऱ्यांपर्यंत फरक असेल तर ती पट्टी म्हणून दाखवा, ठिपका म्हणून नको. पाच पायऱ्यांचा फरक असेल तर ते साल आलेखात घेऊ नका, पण वहीत राहू द्या. 'पूर्वी पाणी भरपूर होतं' हा सूर सगळेच लावतात, म्हणून वाईट साल आधी विचारायचं, चांगलं नंतर. आड-विहिरींची खोली कोणी परसात, म्हणजे हात वर केलेल्या माणसाच्या उंचीत, सांगितली तर त्याच माणसाला हात वर करून उभं करा आणि टेपनं मोजा. प्रत्येकाचा परस वेगळा.

कागद कुठले? १९७१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत गाववार सोयींची यादी आहे, पिण्याच्या पाण्याचं साधनही त्यात आहे. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. तलाठ्याकडे सात-बारावर विहिरीची नोंद असते, आणि मराठवाड्यात १९५४ चं खासरा पत्रक असतंच. निजामकाळचे कागद कोणाच्या घरी निघाले तर ते उर्दूत असतील आणि साल 'फसली', म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं, असेल. फसलीत ५९० मिळवा: १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. रक्कम हाली शिक्क्यात (निजामाच्या नाण्यात) असेल तर सात हाली म्हणजे सहा कलदार (इंग्रजी रुपये), एवढं हिशेबाला पुरतं. कागदाचा फोटो घ्यायचा, कागद शाळेत आणायचा नाही.

बारवेच्या वयाबद्दल एक विनंती. दगड घडीव दिसला, चुना दिसला नाही, की लगेच 'हेमाडपंती, तेरावं शतक' असं पाटीवर लिहू नका. हेमाद्री देवगिरीच्या यादवांचा मंत्री, काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. बिनचुन्याचं बांधकाम त्याच्या आधीही होतं आणि नंतरही झालं. मुलांना 'काय दिसतं' आणि 'त्यावरून काय म्हणता येतं' असे दोन रकाने करायला लावा. दिसतं: सांध्यात चुना नाही, एका भिंतीत तीन देवकोष्ठं (मूर्तीचे कोनाडे), वरच्या चार थरांत मात्र चुना. म्हणता येतं: वरचा भाग नंतर दुरुस्त झाला असावा. झालं, एवढाच इतिहास, पण खरा. तुमची बारव एका बाजूनं उतरायची म्हणजे शिल्पग्रंथांच्या भाषेत 'नंदा'. दोन बाजूंनी असती तर भद्रा, तीन जया, चार विजया. एक सहल जमली तर चारठाण्याची बारव किंवा वालूरची चक्राकार बारव दाखवा, नंतर मुलं आपल्या बारवेकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

शिलालेख असेल तर त्यावर तेल, खडूची पूड, पाणी काही नाही. सकाळी लवकर किंवा बाजूनं टॉर्च धरून तिरप्या उजेडात फोटो काढला की अक्षरं उठतात.

---

मांजऱ्या_खडक

वरचं पायऱ्यांचं सगळं मान्य. फक्त एक गोष्ट आधीच बजावतो: बारवेतलं पाणी आणि भूजल पातळी एकच असं गृहीत धरू नका. तळाला गाळ बसला की पावसाचं वाहून आलेलं पाणी वरच अडून राहतं, शेजारची विहीर मात्र कोरडी असते. म्हणून बारवेच्या आजूबाजूच्या विहिरी मोजल्याशिवाय बारवेचा आकडा कशाचा ते कळत नाही.

आठ विहिरी निवडा. ५२ मुलं म्हणजे सहाचे चार आणि सातचे चार गट, प्रत्येक गटाला एक विहीर. इतिहासाचा गट, भूगोलाचा गट असे पाडू नका, तिथंच तुमचे तीन तुकडे होतात. प्रत्येक गटानं आपल्या विहिरीचं सगळं करायचं: पातळी, खडक, पाण्याची तपासणी आणि मालकाच्या घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाची मुलाखत. बारव सगळ्यांची मिळून.

पातळी मोजायची रीत. तीस मीटरचा फायबर टेप, टोकाला पाव किलोचं लोखंडी वजन. टेपच्या वजनाकडच्या मीटरला कोरडा खडू घासायचा. वजन पाण्यात बुडेपर्यंत सोडायचं आणि काठावर पूर्ण मीटरचा आकडा धरायचा, समजा ९. वर ओढल्यावर खडू भिजलेला दिसतो तिथपर्यंतचं माप वजा, समजा ०.३४. मग काठापासून पाणी ८.६६ मीटर. त्यातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची खोली. कठडा वजा करायचं विसरतात म्हणून वहीत त्याचा रकाना आधीच आखून ठेवा. वजन टेपच्या शून्याच्या खाली लोंबत असेल तर माप शून्यापासूनच धरायचं, वजनाच्या बुडापासून नाही.

कठडा नसलेल्या विहिरीपासून मुलं दोन मीटर लांब. टेप शिक्षकांनीच सोडायचा, मुलांनी वाचायचा आणि लिहायचा. विहिरीत किंवा बारवेच्या गाळात कोणीही उतरायचं नाही. जुन्या बंद विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असतो, माणूस शुद्ध हरपून पडतो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही.

आता खरी गोम. तुम्ही दिवाळीनंतर सुरू करणार म्हणजे रब्बीच्या पाण्याचे दिवस. मोटर चालू असलेल्या विहिरीचं माप हे मोटरचं माप असतं, भूजलाचं नाही. आणि शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. दर सोमवारी सकाळी आठला मोजलं तरी रात्रपाळीच्या आठवड्यात विहीर नुकतीच उपसलेली असते आणि दिवसपाळीच्या आठवड्यात रात्रभर भरलेली. आलेख करवतीच्या दातांसारखा येतो आणि मुलं 'पाणी चढलं' असं लिहून मोकळी होतात. उपाय: मालकाला विचारून 'मोटर बंद होऊन किती तास झाले' हा रकाना ठेवा आणि निदान सहा तास झाल्यावरच मोजा. जमलं नाही तर मोजा, पण तो ठिपका पोकळ काढा, भरीव नको. आठातल्या दोन विहिरी तरी वापरात नसलेल्या घ्या, गावठाणातले आड त्यासाठी उत्तम.

बोअर आणि विहीर एका नकाशावर घालू नका. विहीर वरच्या मुरमातलं आणि झिजलेल्या खडकातलं पाणी दाखवते, दोनशे-तीनशे फुटांच्या बोअरला खालच्या थरातलं दाबाखालचं पाणी लागलेलं असू शकतं. शिवाय मोटर बसवलेल्या बोअरमध्ये टेप सोडला तर केबलला अडकून राहतो. बोअरची फक्त वेगळी यादी करा: साल, खोली, पाणी लागलं की नाही.

विहिरीच्या कडा बघून खडकाचा उभा छेद काढता येतो: वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या (छिद्राछिद्रांचा मऊ खडक), मग घट्ट काळा पाषाण, मधे कुठं तांबडा गेरूसारखा पट्टा. प्रत्येक थराची जाडी टेपवरून. हेच ते दख्खनच्या पठाराचे लाव्ह्याचे थर, पुस्तकात एका ओळीत संपतात आणि इथं डोळ्यासमोर असतात. पाणी झिरपताना दिसतं ते बहुधा मांजऱ्याच्या किंवा दोन थरांच्या सांध्यातून. पातळी खाली असताना छेद काढा, भरलेल्या विहिरीत काही दिसत नाही.

नकाशाला मोबाईलचा जीपीएस आडव्या दिशेत चालेल, मोकळ्या जागी पाच-दहा मीटरची चूक धरा. पण उंचीला तो अजिबात वापरू नका. विहिरींच्या पाण्यात फरक असतो अर्ध्या मीटरचा, आणि मोबाईलची उंची चुकते त्याच्या कितीतरी पट. उंचीसाठी गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल-नळी. दहा मीटरची नळी, बादलीतून तोंडानं ओढून भरायची, नळाला लावून नाही, कारण मग बुडबुडे राहतात आणि एक बुडबुडासुद्धा माप फिरवतो. चालताना दोन्ही टोकांवर अंगठा, वाचताना दोन्ही अंगठे काढायचे. एकच काढला तर पाणी हलणारच नाही आणि माप हमखास चुकेल. शेवटी सुरुवातीच्या खुणेवर परत या. पाच सेंमीच्या आत जुळलं तर ठीक, नाहीतर पुन्हा.

मग गंमत येते. शाळेच्या पायरीला १०० मीटर धरा. समजा 'अ' विहिरीची जमीन १००.००, पाणी ६.२० खोल, म्हणजे पाण्याची उंची ९३.८०. 'ब' ची जमीन ९८.६०, खोली ५.९०, पाणी ९२.७०. 'क' ची ९९.४०, खोली ६.१०, पाणी ९३.३०. 'अ' पासून 'ब' २२० मीटर, तेवढ्यात पाणी १.१० उतरतं. ९३.३० ही उंची म्हणजे 'अ' पासून ०.५० चा उतार, तो येतो १०० मीटरवर. तो बिंदू 'क' ला जोडा: ही समान उंचीची रेघ. तिला काटकोनात, 'ब' च्या बाजूला बाण काढा. भूजल तिकडं वाहतंय. समोच्चरेषा पाठ करून जे कळत नाही ते या एका त्रिकोणात कळतं. बाण बहुधा ओढ्याकडं निघतो. नाहीच निघाला तर मधे कुठंतरी जोरात उपसा चालू आहे का ते बघा.

---

अभिक्रिया_ताई

विज्ञानाच्या मॅडमसाठी लिहिते. तुमच्याकडं सहाच आठवडे आहेत, म्हणून तीनच कामं घ्या: क्षारता, कठीणपणा आणि खडकात पाणी किती मावतं ते. सामू (पीएच), गढूळपणा, जिवाणू, सगळं करायला गेलात तर एकही नीट होणार नाही.

नमुना: एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची. बोअरचं असेल तर पाच मिनिटं वाहू देऊन. विहिरीचं वरचं तवंगाचं पाणी नको, थोडं खालचं. बाटलीवर विहीर, तारीख, वेळ, मोटर चालू की बंद.

टीडीएसचं (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं) पेनासारखं मीटर स्वस्त आहे, आठ गटांना एक पुरतं. ते क्षार सांगतं, शुद्धता नाही, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. १८० दाखवणाऱ्या पाण्यात जंतू असू शकतात आणि ९०० वालं पाणी निर्जंतुक असू शकतं. भारतीय मानक १०५०० प्रमाणे (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटर) टीडीएस ५०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. एकूण कठीणपणाला याच दोन मर्यादा २०० आणि ६००. नायट्रेट ४५, त्याला सवलत नाही. नायट्रेट आणि फ्लोराईड शाळेत करत बसू नका. जलजीवन मिशनमधून गावात तपासणी संच आलेला असतो, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला किंवा प्रशिक्षण घेतलेल्या महिलांना वर्गात बोलवा, मुलांसमोर करून दाखवतील.

कठीणपणा मात्र मुलांनी करावा, अनुमापन (टायट्रेशन) शिकायला याच्यासारखं काही नाही. ईडीटीएचा डायसोडियम क्षार ३.७२ ग्रॅम एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात, म्हणजे ०.०१ मोलर. ५० मिली नमुना, अमोनिया बफर एक ते दोन मिली, चिमूटभर इरिओक्रोम ब्लॅक टी (हा रंग बदलणारा सूचक). द्राक्षारसासारखा लाल रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं, जांभळ्यावर थांबायचं नाही. लागलेले मिली गुणिले २० म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मिलिग्रॅम प्रतिलिटर. आपल्याकडची विहीर १५ मिलीपेक्षा जास्त घेते असं दिसलं तर नमुना २५ मिली घ्या, त्यात २५ मिली ऊर्ध्वपातित पाणी घाला आणि ४० नं गुणा. बफर घातल्यावर पाच मिनिटांत संपवा, रेंगाळलात तर कार्बोनेट खाली बसायला लागतं आणि शेवट कळत नाही.

बिघडतं ते सूचकामुळं. इरिओक्रोमचं द्रावण करून ठेवलं तर थोड्याच दिवसांत निकामी होतं, मग रंग मळकट येतो आणि मुलं आपलाच हात वाईट समजतात. अर्धा ग्रॅम पूड शंभर ग्रॅम सोडियम क्लोराईडात खलून कोरडी ठेवा, वर्षभर चालेल. क्लोराईड प्रयोगशाळेतलंच घ्या, खायच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असू शकतात आणि आपण मोजतोय तेच. ऊर्ध्वपातित पाणी नसेल आणि बॅटरीचं वापरलंत तर आधी त्याच्या एकट्याचं अनुमापन करा. पहिल्या थेंबालाच निळं झालं तर वापरा. बफर बाईंनीच ओतावा, खिडक्या उघड्या ठेवून.

तिसरं काम बादलीचं. दहा लिटरची बादली, बुडाशी छिद्र आणि त्याला बूच. कोरडा मुरूम दाबून काठोकाठ भरा. मोजून पाणी ओता, वर चमकेपर्यंत. मग बूच काढा आणि रात्रभरात किती निथळलं ते मोजा. निथळलेलं पाणी भागिले बादलीचं आकारमान म्हणजे त्या मुरमाची जलदेयता. ओतलेलं सगळं परत येत नाही, हेच मुलांना बघू द्या. पण बादलीतला मुरूम सुटा असतो, म्हणून तुमचा आकडा मोठा येणार. जमिनीतल्या बेसॉल्टची जलदेयता साधारण १ ते ३ टक्के असते.

हा आकडा का महत्त्वाचा? जलदेयता २ टक्के धरली तर विहिरीत एक मीटर चढलेलं पाणी म्हणजे शिवारात फक्त २० मिलिमीटर पाऊस मुरलाय. चार मीटर चढलं तर ८० मिलिमीटर. ७०० मिलिमीटर पाऊस पडला असेल तर बाकीचा गेला कुठं, या प्रश्नावर आख्खी जोडतासिका जाते. आणि उलटा हिशेबही: एवढ्या कमी जागेत पाणी मावत असेल तर पातळी झपाट्यानं उतरणारच. मांजऱ्या सरांच्या आठवड्याच्या नोंदींशी हे इथं जुळतं.

पावसाचे आकडे यंदा राज्य सरकारच्या 'महारेन' या संकेतस्थळावरून घ्या, महसूल मंडळनिहाय मिळतात. मंडळाचं केंद्र तुमच्या गावापासून लांब असेल तर तसं लिहा. पुढच्या जूनसाठी पर्जन्यमापक आत्ताच करून ठेवा: बाजू सरळ असलेली बाटली, कमरेत बारीक असलेली नको, बुडाच्या खळग्यात वाळू-सिमेंट भरून सपाट केलेली, वरचा भाग कापून उलटा बसवलेला. तोंड जमिनीपासून ३० सेंमीवर, झाडा-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब, रोज सकाळी साडेआठला वाचन.

---

नववी_ब_वर्गशिक्षक

मॅडम, सर, मनापासून आभार. दोन-तीन शंका. बोअरची खोली विचारली की लोक पोरांना उडवून लावतात. दुसरं, जुन्या पाणवठ्यांबद्दल विचारायचं म्हणजे कोणी कुठं पाणी भरायचं ते निघणारच, ते कसं हाताळावं? आणि बारवेतला गाळ श्रमदानानं काढावा अशी ग्रामपंचायतीची सूचना आहे. शिवाय गुणांचं राहिलंच.

---

मांजऱ्या_खडक

बोअरचं कारण साधं आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ मध्ये ६० मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फुटांच्या खालच्या विहिरींवर निर्बंध आहेत, आणि वहीत लिहून घेणारं पोर दिसलं की माणसाला ही सरकारी पाहणी वाटते. मालकाचं नाव आणि गट नंबर लिहूच नका. 'शंभरच्या आत, शंभर ते दोनशे, दोनशेच्या वर' एवढ्या तीन खुणा पुरे. नाहीच सांगितलं तर सोडून द्या, आठ विहिरींचं काम त्यावाचून अडत नाही.

---

पांढरीची_माती

गाळ काढू नका. श्रमदान वाईट म्हणून नाही. त्या गाळात खापरं, नाणी, मूर्तीचे तुकडे थरांनी असतात, आणि फावड्यानं उपसला की थर गेले आणि त्यांच्यासोबत काळही गेला. आधी पुरातत्त्व खात्याकडं बारव संरक्षित आहे का ते विचारा. काही सापडलंच तर १८७८ च्या निखात निधी (पुरलेल्या ठेव्याच्या) कायद्यानं दहा रुपयांच्या वरच्या किमतीचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, शाळेच्या कपाटात ठेवता येत नाही. शिवाय गाळाच्या वायूचं वर आलंच आहे.

पाणवठ्याच्या जातीचा प्रश्न टाळू नका, पण पोराच्या खांद्यावर टाकू नका. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, २० मार्च १९२७, मुलांनी वाचलेला असतो. गावचा आड मात्र पुस्तकात नसतो. रीत अशी: सगळ्या मुलाखतींत सगळ्यांना एकच प्रश्न, त्याच शब्दांत: 'या पाणवठ्यावर कोणकोण पाणी भरायचं, आणि बाकीचे कुठून भरायचे?' निवडक घरांना वेगळा प्रश्न नाही. त्या वेळी शिक्षक हजर पाहिजेत. कोणाचं नाव, आडनाव, घर लिहायचं नाही. त्या वस्तीतल्या मुलाला 'तुझ्या आजीला विचारून ये' असं तर मुळीच सांगायचं नाही. आजीनं आपण होऊन सांगितलं आणि लिहायला हो म्हणाली, तर तिच्याच शब्दांत लिहा. प्रदर्शनात लावायच्या आधी तिला पुन्हा विचारा. पोलीस ॲक्शनचंही तसंच. ती आपल्याला फक्त सालाची खूण म्हणून हवी. कोणी त्या दिवसांबद्दल बोलायला लागलं तर वही मिटून शिक्षकांनी ऐकावं, पोरांनी उलटतपासणी करू नये.

---

अभिक्रिया_ताई

गुण विसातले धरले तर असे: मोजमापाची वही ८, न जुळणाऱ्या एका नोंदीचं स्पष्टीकरण ४, मुलाखत ४, नकाशा किंवा आलेख ४. वही प्रत्येकाची वेगळी, शाईनं लिहिलेली, खाडाखोड न करता. चुकलेला आकडा एका रेघेनं कापायचा, खालचा दिसला पाहिजे. सजावटीला शून्य, आणि हे पालकसभेत आधी सांगा म्हणजे चार्ट येणार नाहीत.

न जुळणाऱ्या नोंदीला चार गुण मुद्दाम ठेवलेत. नाहीतर मुलं आकडे जुळवून आणतात. सगळ्या आठवड्यांत पातळी बरोबर दहा-दहा सेंमीनं उतरलेली वही दिसली तर ती घरी बसून भरलेली आहे असं समजा.

वेळेचं म्हणाल तर पहिला आठवडा गावठाणातल्या आडावर सगळ्यांना टेप आणि नळी शिकवण्यात घालवा, तो वाया जात नाही. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत आठवड्याला एक पातळी. ती तासिकेत बसणार नाही, सकाळी शाळेच्या आधी घ्यावी लागेल आणि दर वेळी मोठं माणूस सोबत पाहिजे, म्हणून आठ विहिरी शाळेपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत निवडा. बारव आणि मुलाखती तिसऱ्या-चौथ्यात, अनुमापन चौथ्या-पाचव्यात, सहाव्यातल्या तासिकांत फक्त आलेख आणि वाद. सहाव्यात ठरलेली पातळी सोडून नवीन मोजणी घेऊ नका.

---

मांजऱ्या_खडक

पाच पातळ्यांवर थांबू नका एवढंच. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला मोजते. त्याच महिन्यांत तुमच्या आठ विहिरी मोजत राहा, मेच्या सुट्टीत गावातलीच दोन-चार पोरं आणि एक शिक्षक पुरतात. प्रत्येक विहिरीच्या काठावर कोणत्या दगडावर टेप धरला त्याचा फोटो वहीत डकवा. पुढची नववी दुसऱ्या दगडावर धरेल आणि वीस सेंमीचा फरक कुठून आला ते कोणालाच सापडणार नाही.